चपला आत घ्यायच्या राहिल्या

"मॅडम, याच्यात मारामारी कवा सुरू होते?"

हा प्रश्न पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या एका पोट्ट्यानं विचारला. मी उत्तर द्यायच्या आत गुरुजींनीच त्याला झापलं, "तू तुहं पुस्तक वाच ना बे. इकडं कान काहून लावते?" गोष्ट गुरुजींसाठी चालली होती. बाकीचे फुकटात ऐकत होते.

आमचं वाचनालय 'ड' वर्गाचं. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात, ग्रामपंचायतीच्या मागची एक खोली. तीन लोखंडी कपाटं, एक लांब टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि अर्ध्या गतीवर फिरणारा पंखा. ग्रंथपाल मी, झाडू मारणारी मी, आणि पहिल्या एसटीनं आलेली वर्तमानपत्रं दांडीला अडकवणारीही मीच. वाचक तीन प्रकारचे. स्पर्धा परीक्षेची पोरं स्वतःची पुस्तकं घेऊन येतात, त्यांना फक्त खुर्ची आणि पंखा पाहिजे. बाया दिवाळी अंक नेतात आणि होळीला परत आणतात. तिसरे गुरुजी.

गुरुजींनी मला चौथीला शिकवलं. निवृत्त होऊन आता वीस वर्षं होतील. आमच्याकडचे बाबूराव अर्नाळकर त्यांनी सगळे वाचलेत, म्हणजे आमच्याकडे आहेत तेवढे. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यातल्या कपाटात पन्नासेक असतील. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांची घरची माणसं. उन्हाळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी महिनाभर वाचन बंद केलं. मग ते रोज दुपारी काळा चष्मा लावून नुसते येऊन बसायला लागले. चौथ्या दिवशी मला म्हणाले, "तू काय वाचून राह्यली थे सांग."

मी वाचत होते ते इंग्रजी. यवतमाळहून बदलून गेलेल्या एका साहेबानं जाताना पुस्तकांचं खोकं वाचनालयाला दिलं होतं. नोंद वहीत चढवलं, कपाटात ठेवलं आणि दोन वर्षं त्याला कोणी हात लावला नाही. मग मीच लावला. शब्दकोश शेजारी ठेवून रोज रात्री दोन-तीन पानं. त्यात जॉन ल कारेची चार पुस्तकं होती. मुखपृष्ठावर कोट घातलेला माणूस आणि धुकं. मला वाटलं पिस्तुलाच्या गोष्टी असतील.

गुरुजींना धडा सुरू करायच्या आधी लेखक परिचय लागतो. शाळेतली सवय. म्हणून पहिल्या दिवशी मी तोच सांगितला.

जॉन ल कारे हे टोपणनाव. खरं नाव डेव्हिड कॉर्नवेल. जन्म १९ ऑक्टोबर १९३१, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पूल नावाच्या गावी. पाच वर्षांचा असताना आई घर सोडून गेली, ती त्याला भेटली एकविसाव्या वर्षी. सोळा-सतराव्या वर्षी इंग्लंडमधल्या शाळेला कंटाळून तो स्वित्झर्लंडला बर्नमध्ये गेला आणि जर्मन शिकला. ही जर्मन भाषा पुढे त्याचं नशीब ठरली. सक्तीच्या लष्करी नोकरीत ऑस्ट्रियामध्ये, पलीकडच्या कम्युनिस्ट देशांतून पळून आलेल्या लोकांची चौकशी करायचं काम मिळालं. नंतर ऑक्सफर्डला शिकताना तिथल्या डाव्या विचारांच्या पोरांवर, म्हणजे स्वतःच्याच दोस्तांवर, सरकारसाठी नजर ठेवली. ईटनच्या शाळेत दोन वर्षं मास्तरकी केली (इथे गुरुजी सरसावून बसले). १९५८ ला देशातल्या हेरखात्यात, १९६० ला बाहेरच्या हेरखात्यात. बाहेर नाव दूतावासातला अधिकारी, गाव जर्मनीतलं बॉन.

"म्हणजे लिहिणारा सोताच हेर," गुरुजी म्हणाले. "बहिर्जी नाईकानं बखर लिहिली असती तं कशी राह्यली असती, तसं."

पहिली कादंबरी त्यानं लंडनला कामावर जाता-येता रेल्वेगाडीत, छोट्या वह्यांमध्ये लिहिली. तिथली गाडी पळणारी होती. आमची शकुंतला चालू असती आणि तो दारव्ह्याला बसून मूर्तिजापूरला निघाला असता, तर एका फेरीत महाभारत झालं असतं. १९६१ ला ती कादंबरी आली. खात्यातल्या माणसाला खऱ्या नावानं छापायची परवानगी नव्हती म्हणून हे टोपणनाव. कुठून आणलं असं विचारलं की तो सांगायचा, बसमधून जाताना एका दुकानावर पाटी दिसली. पुढे त्यानंच कबूल केलं की ती पाटी-बिटी खोटी होती. लोकांनी विचारून विचारून भंडावलं म्हणून काहीतरी सांगून टाकलं.

"सवय," गुरुजी म्हणाले.

सवयच. कुठून लागली ते सांगायचं म्हणजे त्याच्या बापावर यावं लागतं, आणि तिथे मी त्या दिवशी थांबले. लाइट गेली असं निमित्त सांगितलं. लाइट खरंच गेली होती, पण गोष्ट सांगायला लाइट कशाला लागते?

बापाचं नाव रॉनी कॉर्नवेल. धंदा लोकांना गंडवणं. विम्याच्या फसवणुकीत जेलात जाऊन आलेला. कधी रेसचे घोडे आणि पार्ट्या, कधी दिवाळं. १९५० ला तर हा माणूस यार्मथमधून पार्लमेंटच्या निवडणुकीला उभा राहिला. १९५४ ला त्याचं असं काही दिवाळं निघालं की पोराला ऑक्सफर्ड मध्येच सोडून एका शाळेत शिकवायला जावं लागलं, मग परत येऊन त्यानं पदवी घेतली, तीही पहिल्या वर्गात. दिसायला देखणा, बोलायला मिठ्ठास, आणि ज्याला बुडवलं तोही म्हणणार की माणूस मनानं वाईट नव्हता. १९७५ ला मेला. पोरानं स्मरणसभेचा खर्च दिला आणि स्वतः गेला नाही. अकरा वर्षांनी, १९८६ ला, 'अ परफेक्ट स्पाय' ही कादंबरी लिहिली. त्यातला हेर आपल्या भामट्या बापाच्या मरणानंतर लपून बसतो आणि सगळं कागदावर उतरवतो. हे पुस्तक त्या खोक्यात होतं. ते वाचायला मला सात महिने लागले, आणि त्याला कारण फक्त इंग्रजी नव्हतं.

आता आमच्या घराचं सांगते.

मी नववीत होते तेव्हा आमच्या भागात सफेद मुसळीचं वारं आलं होतं. कपाशीत राम उरला नाही, ही औषधी लावा, एकरात लखपती व्हा. बाबा एका कंपनीचे एजंट झाले. सफारी शिवली, सेकंडहँड हिरो होंडा घेतली आणि 'विभागीय प्रतिनिधी' असं छापलेली कार्डं. बाबांचं कार्ड आहे याचं मला एवढं कौतुक की दोन कार्डं मी कंपासपेटीत ठेवली होती. लावायचे कंद कंपनी देणार, सोन्याच्या भावात, आणि निघालेला माल कंपनीच परत घेणार, लेखी करार. बाबा ओसरीवर बसून लोकांना समजावून सांगायचे तेव्हा मीसुद्धा कामं सोडून ऐकायची. काय बोलायचे! मामानं म्हैस विकून पैसे दिले. गुरुजींनी ग्रॅच्युइटीतले दिले.

मुसळीला पाण्याचा निचरा होणारी हलकी जमीन लागते. आमची काळी, पाऊस पडला की चार दिवस पाय सोडत नाही अशी. गादीवाफे केले तरी अर्धे कंद कुजले. जे निघाले ते बायांनी रात्र-रात्र बसून सोलले, वाळवले, आणि टोपलीभराचे ओंजळभर झाले. तेवढी ओंजळ पिशवीत भरून बाबा अमरावतीला कंपनीच्या ऑफिसात गेले तर शटर खाली. वरची पाटीसुद्धा नव्हती. चार खिळे तेवढे होते, असं बाबा सांगायचे.

पुढची दोन-अडीच वर्षं माझी ड्युटी दारात. गाडीच्या आवाजावरून कोण आलं ते मला ओळखता यायचं. राजदूत म्हणजे मामा. लुना म्हणजे शेजारच्या गावचा दुकानदार. सायकलची साखळी वाजली की गुरुजी. आवाज आला की बाबा मागच्या दारानं गोठ्यात, आणि मी पुढे. "बाबा बाहेरगावी गेले." कुठी? "नागपूरले." कवा येतीन? "सांगतलं नाई जी." माणूस पाहून गाव बदलायचं, नाहीतर दोघं एकमेकांना भेटले की पकडले जाऊ. कोणाला काय सांगितलं ते लक्षात ठेवायचं. डोळ्यात पाहायचं, पण फार वेळ नाही. आणि सगळ्यात आधी बाबांच्या चपला आत घ्यायच्या.

एकदा राहिल्या.

गुरुजी आले होते. सायकल उभी केली, मला विचारलं, मी नागपूर सांगितलं. ते पायरीकडे पाहत होते. तिथे बाबांच्या चपला, एकीचा अंगठा सुतळीनं शिवलेला. गुरुजींनी चपलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "बरं. आला की सांगजो, गुरुजी येऊन गेले म्हणा." आणि सायकल वळवून गेले. पुन्हा कधी आले नाहीत. पैशाचा विषयही नाही, माझ्याकडे तर कधीच नाही. माझ्या लग्नात त्यांनी एकशे एक रुपयांचं पाकीट दिलं. वाचनालयात मला नोकरी लागली तेव्हा पहिला वर्गणीदार म्हणून नाव लिहून गेले.

तर या गुरुजींना मी एका भामट्याच्या पोराची गोष्ट सांगायला बसले होते. लाइट जायलाच पाहिजे होती.

दुसऱ्या दिवशी बापाचं दोन वाक्यांत उरकलं आणि 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' सुरू केली. १९६१ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनमध्ये रातोरात भिंत उभी राहायला लागली. कॉर्नवेल तेव्हा बॉनला, त्यानं ती जाऊन पाहिली. घरी येऊन कामाच्या आधी पहाटे उठून काही आठवड्यांत ही कादंबरी लिहिली. खात्यातल्या साहेबांनी हस्तलिखित तपासलं, यात खरं काहीच नाही म्हणून छापायला सोडलं. १९६३ ला ती आली आणि जगानं ठरवून टाकलं की यातलं सगळं खरं आहे. ग्रॅहम ग्रीनसारखा लेखक, तोही कधीकाळी त्याच खात्यातला, त्यानं आपण वाचलेली सगळ्यात चांगली हेरकथा म्हणून तिला डोक्यावर घेतलं. पुढच्या वर्षी कॉर्नवेलनं नोकरी सोडली. तोवर किम फिल्बी नावाचा ब्रिटिश खात्यातला बडा अधिकारी रशियाचा माणूस निघून मॉस्कोला पळाला होता. आपलंही नाव त्यानंच रशियनांना दिलं, असं कॉर्नवेल म्हणायचा.

"घरभेदी," गुरुजी म्हणाले. "बिभीषण."

गोष्ट अशी. अॅलेक लीमस हा बर्लिनमधला ब्रिटिश हेर. मुंट नावाचा पूर्व जर्मनीचा हेरप्रमुख याची माणसं एकेक करून मारतो. लंडनचे साहेब म्हणतात, याचा काटा काढायचा. तू खात्यातून हाकलल्यासारखं कर, दारू पी, कंगाल हो. ते लोक तुला विकत घ्यायला येतील. मग तिकडे जा आणि मुंट आमचा माणूस आहे असा संशय त्याच्याच लोकांच्या मनात पेर.

लीमस खरोखर खालपर्यंत जातो. आणि पोटासाठी काम कुठे धरतो, तर वाचनालयात! पुस्तकं लावायचं काम. तिथे लिझ नावाची साधी पोरगी कामाला आहे, तिचा जीव त्याच्यावर जडतो. हे सांगताना भरतीवाला पोट्टा माझ्याकडे पाहून हसला, मी दुर्लक्ष केलं. मग लीमस किराणा दुकानात जातो, दुकानदार उधार देत नाही, हा त्याला ठोसा मारतो आणि जेलात जातो.

"झाली ना मारामारी," गुरुजी त्या पोट्ट्याला म्हणाले. "उधारीवरून. आणखीन कायची पाह्यजे तुले?"

खरंच अख्ख्या पुस्तकात मारामारी फारशी नाहीच. ल कारेच्या हेरांना गाड्या उडवता येत नाहीत. ते फायली वाचतात, पावसात उभे राहतात, साहेबाच्या मनात काय आहे याचा अंदाज करत चहा पितात. आमच्या तहसील ऑफिसात ज्यानं सातबाऱ्यासाठी चार चकरा मारल्या त्याला ते जग परकं वाटणार नाही. म्हातारपणी तर त्यानं हेरांसोबत कंपन्यांवरही लिहिलं. 'द कॉन्स्टंट गार्डनर', २००१, केनियातल्या गरिबांवर औषधाचे प्रयोग करणारी कंपनी. ते वाचत होते तेव्हा माझ्या डोळ्यापुढे २०१७ चा आमचा जिल्हा होता. कपाशीवर फवारणी करणारी माणसं विष अंगात भिनून यवतमाळच्या दवाखान्यात पडली होती आणि वीसहून जास्त परत आली नाहीत. ते पुस्तक मी गुरुजींना सांगितलं नाही. त्या वर्षी त्यांच्या पुतण्यालाही भरती केलं होतं. तो वाचला, पण नजर अधू झाली.

चौथ्या दिवशी खटला सांगितला. पूर्व जर्मनीत मुंटवर खटला भरतो. लीमसची साक्ष भक्कम, मुंट आता संपला. आणि तेवढ्यात साक्षीला उभं करतात लिझला, त्या वाचनालयातल्या पोरीला. तिला काही ठाऊक नाही. ती खरं तेच सांगते. लीमसचे साहेब भेटायला आले होते, घराचं भाडं कोणीतरी भरलं. झालं, लीमसचं सोंग उघडं पडतं. मुंट सुटतो आणि त्याच्यावर आरोप करणारा फीडलर, तिथला एकटा सरळ माणूस, तोच अडकतो. त्या क्षणी लीमसच्या डोक्यात उजेड पडतो. मुंट खरोखरच लंडनचा माणूस होता. त्याला मारायला नाही, वाचवायला लीमसला पाठवलं होतं. आपण शत्रूला टोपी घालतोय असं समजून तो इतका खाली उतरला, आणि टोपी त्याच्याच साहेबांनी त्यालाच घातली होती.

मी थांबले. पंखा चालू होता. भरतीवाल्यानं पुस्तक कधीच मिटलं होतं.

शेवट मी पटकन सांगितला. मुंटच त्या दोघांना रात्री सोडून देतो. बर्लिनची भिंत, वर चढायचं, पलीकडे आपली माणसं उभी. लीमस वर पोचतो, हात देऊन लिझला ओढतो, तेवढ्यात दिवे लागतात आणि गोळी लिझला लागते. पलीकडून आवाज येतो, उडी मार. तो अलीकडेच उतरतो, जिथे ती पडली आहे तिथे. आणि तिथेच मरतो.

पोट्टा म्हणाला, "येडा होता का मॅडम तो?" आणि पाणी प्यायला बाहेर गेला.

गुरुजी बराच वेळ बोलले नाहीत. काळा चष्मा असला की माणूस कुठे पाहतोय ते कळत नाही. मग म्हणाले, "त्याले मालूम नव्हतं?"

"कोणाले जी?"

"त्या लीमसले. साहेब आपल्यालेच वापरून राह्यले, हे त्याले आधी मालूम नव्हतं? खरं सांग."

आई शेवटपर्यंत म्हणायची, तुझ्या बापाला सगळं ठाऊक होतं, कमिशन खाल्लं आणि गप्प बसला. मामा अजूनही म्हणतो. पण बाबांनी आमचं दोन एकर वावरही त्याच कंदांसाठी गहाण टाकलं होतं, ते सुटलंच नाही. ठाऊक असलेला माणूस स्वतःचं वावर टाकेल का? की लोकांचा भरवसा बसावा म्हणून टाकेल? बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. गोठ्यात बसलेल्या माणसाला मी कधी विचारलं नाही, आणि तो कधी बोलला नाही.

"नव्हतं जी," मी म्हणाले. "पुस्तकात तसंच आहे. त्याले शेवटी समजलं."

"हं." त्यांनी चष्मा काढला, ऑपरेशनवाला डोळा रुमालानं हलकेच टिपला, परत चष्मा लावला. "आन् लिहिणारा? थो हाये का अजून?"

"नाही. २०२० च्या डिसेंबरात गेला, एकोणनव्वद वर्षांचा होऊन. इंग्लंडच्या पार टोकाला, समुद्राच्या कड्यावर घर होतं. शेवटपर्यंत हातानंच लिहायचा, बायको टाइप करून द्यायची. ती दोन महिन्यांनी गेली."

"चांगलं झालं," गुरुजी म्हणाले. नेमकं काय चांगलं झालं ते मी विचारलं नाही. मग उठता उठता, "उद्या कोणती?"

उद्या स्मायलीची, मी सांगितलं. बुटका, जाडा, कपड्यांचं भान नसलेला, टायच्या टोकानं चष्मा पुसणारा म्हातारा हेर. बायको दुसऱ्यांबरोबर जाते, तरी हा तिची वाट पाहतो. लेखकानं त्याला काही अंशी आपल्या एका मास्तरावरून घेतला होता. आणि त्याचा रशियातला वैरी कार्ला, त्याची-ह्याची पहिली भेट होते ती आपल्या दिल्लीच्या जेलात.

"दिल्लीत? कोणत्या महिन्यात?"

"उन्हाळाच असावा. स्मायली घामानं बेजार झालेला आहे. आणि गंमत म्हणजे सगळं स्मायलीच बोलतो, स्वतःच्या बायकोबद्दलसुद्धा. कार्ला तोंडच उघडत नाही. जाताना स्मायलीचा लायटर तेवढा घेऊन जातो."

"काहीच नाही बोलत?"

"एक शब्द नाही."

"मंग थो हुशार," गुरुजी म्हणाले आणि भिंतीला धरून पायरी उतरले. खाली चपला शोधत पाय फिरवत होते, दिसत नव्हत्या. मी जाऊन सरळ करून दिल्या.